गळ टाकताना हातात कोणती बिअर? परभणीच्या काठावरची पसंती आणि तिच्यामागचं गणित

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालं की मानवत रोडच्या आधी पेडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे न थांबता पुढे जातात. माझा इंजिनिअरिंगचा रूममेट याच गावचा. सुट्टीत त्याच्याकडे गेलो की रविवारचा कार्यक्रम ठरलेला असतो. दोन बाईक, चार माणसं, गळ, कणकेचा गोळा, गांडुळांचा डबा आणि मागच्या कॅरिअरला दोरीने बांधलेली थर्माकोलची पेटी. पेटीत बर्फ असतो, आणि बर्फात काय असतं हे वेगळं सांगायला नको.

मागच्या मे महिन्यात या कार्यक्रमाचा शेवट वेगळा झाला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं. माझी तंगूस काठाजवळ कशात तरी अडकली, ती सोडवायला मी काँक्रीटच्या उतारावरून दोन पावलं खाली गेलो. त्याआधी तासाभरात एक मोठी स्ट्राँग बाटली संपवली होती. तिसरं पाऊल मी टाकलंच नाही, ते आपोआप गेलं. चप्पल गेली, फोन गेला. चार-पाच वेळा वर चढायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी परत पाण्यात. आमच्यातला एक जण बिअर पीत नाही, थर्मासमधून चहा आणतो आणि त्यावरून आमची बोलणी खातो. त्याने पेटीची दोरी सोडून फेकली म्हणून ही बातमी मी लिहितोय, दुसऱ्या कुणी लिहिली नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. गळ टाकणारे हौशी लोक अमुकच बिअर का घेतात? चव, ब्रँड, किंमत की आणखी काही?

आधी पसंती सांगतो

आमच्या पेटीत वर्षानुवर्षं जे दिसलं ते असं: किंगफिशर स्ट्राँग सर्वात जास्त, त्याखालोखाल टुबोर्ग स्ट्राँग, कुणाच्या हाती पगार असेल तर बडवायझर मॅग्नम, आणि जुन्या पिढीतल्या एखाद्या काकांसाठी हेवर्ड्स ५०००. माइल्ड बिअर आणली तर आणणाऱ्याची चेष्टा होते. बाटली जवळपास नेहमी ६५० मिलिलिटरची. पाइंट म्हणजे ३३० मिलिलिटर, तो ‘पाहुण्यांचा’ समजला जातो.

चार मित्रांच्या पेटीवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण देशाचं चित्रही वेगळं नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी साधारण पाचात चार भाग स्ट्राँग असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग.

आता अमेरिकेकडे बघा. तिथे बास नावाचा मासा पकडणं हा मोठा हौशी खेळ आहे, त्याच्या स्पर्धा होतात. तिथल्या बोटीतल्या पेटीत ज्या बिअरची ख्याती आहे त्या म्हणजे बुश लाइट, कूर्स लाइट, मिलर लाइट. हलक्या, स्वस्त, कॅनमधल्या. अल्कोहोल ४.१ ते ४.२ टक्के. म्हणजे त्यांच्या काठावर जी ‘गळवाल्यांची बिअर’ आहे ती आपल्याकडे चेष्टेचा विषय ठरेल. गंमत म्हणजे इतकी हलकी बिअर असूनही अमेरिकी तटरक्षक दलाच्या दरवर्षीच्या अहवालांत बोटींवरच्या जीवघेण्या अपघातांचं सर्वात मोठं ज्ञात कारण म्हणून मद्यपानच नोंदलेलं असतं.

बाटलीवरचा पक्षी

किंगफिशर म्हणजे खंड्या. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कालव्याच्या तारेवर बसलेला खंड्या आणि हातातली बाटली यांचा संबंध फार कमी जण जोडतात. देशातली सर्वात जास्त खपणारी बिअर एका मासेमाराच्या नावाची आहे.

परभणीच्या पाण्यावर तीन खंडे सहज दिसतात. पांढऱ्या छातीचा खंड्या विजेच्या तारेवर बसतो, पण तो माशांवरच अवलंबून नसतो, नाकतोडे आणि सरडेही खातो. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सरळ खाली कोसळतो. तिसरा लहानगा, निळ्या पाठीचा आणि नारिंगी पोटाचा. बाटलीवर चित्र आहे ते याच्यासारखं.

ही बिअर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजची सुरुवात १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिण भारतात केली. पुढे कंपनी मल्ल्या कुटुंबाकडे आली आणि २०२१ मध्ये नियंत्रण नेदरलँड्सच्या हायनेकेनकडे गेलं. टीव्हीवर मद्याची थेट जाहिरात २००० पासून बंद आहे, पण खंड्या पाण्याच्या बाटलीवर, सोड्यावर, कॅलेंडरवर, क्रिकेटमध्ये आणि काही वर्षं तर विमानाच्या शेपटीवरही दिसत राहिला. दुकानात जाऊन लोक ब्रँड आठवत नाहीत, पक्षी आठवतात.

इंजिनिअर असल्याने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानची बुलेट ट्रेन बोगद्यातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज करायची. त्यावर काम करणारे अभियंते एजी नाकात्सू पक्षीनिरीक्षक होते. हवेतून पाण्यात शिरताना फारसं पाणी न उडवणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून त्यांनी गाडीच्या नाकाचा आकार सुचवला. ती ५०० मालिकेची गाडी १९९७ मध्ये धावू लागली. पेडगावच्या रुळांवर ती येणार नाही, पण ज्या पक्ष्यावरून ती सुचली तो पेडगावातच आहे.

स्ट्राँगच का?

सरळ उत्तर पैशाचं आहे. ८ टक्क्यांच्या बाटलीत ५ टक्क्यांच्या बाटलीपेक्षा ६० टक्के जास्त अल्कोहोल असतं. दोन्हींच्या किमतीत फरक असतो, पण ६० टक्क्यांचा नसतो. ज्याला चार तास काठावर बसायचं आहे आणि खिशात एकाच बाटलीचे पैसे आहेत, तो चव बघत नाही, हिशेब बघतो.

राज्याच्या करांचाही यात हात आहे. बिअरची विक्री घटत असल्याचं कारण देऊन महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरच्या शुल्काचा अभ्यास करायला समिती नेमली, तेव्हा त्यावरून बरीच टीका आणि विनोद झाले होते. पुढे १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीपर्यंत वाढवायचा निर्णय झाला. देशी दारूही महागली. बिअर आणि वाइन त्यातून वगळल्या. त्या निर्णयानुसार विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत २०५ रुपये. थोडक्यात, व्हिस्की परवडेनाशी झालेला माणूस बिअरकडे वळला तर तो माइल्डकडे का वळेल? तो सर्वात कडक बिअरच शोधणार.

तिसरं कारण मला स्वतःला सर्वात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते म्हणजे ऊन.

पेटीतलं भौतिकशास्त्र

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुकानातून थंड म्हणून घेतलेली बाटली काठावर पोहोचेपर्यंत कोमट होते. मग बर्फ. ३५ अंशांवरची ६५० मिलिलिटरची काचेची बाटली ६ अंशांवर आणायला साधारण ९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे पाव किलोपेक्षा थोडा जास्त बर्फ, तोही पेटीतून काही गळत नाही असं धरून. ५०० मिलिलिटरच्या कॅनला १८०-१९० ग्रॅम पुरतो, कारण ॲल्युमिनियमचं वजन नगण्य, तर काचेची रिकामी बाटलीच अर्ध्या किलोच्या आसपास असते.

बर्फ नसेल तर गावाकडचा उपाय म्हणजे ओलं गोणपाट. बाटलीभोवती गुंडाळायचं, झाडाच्या फांदीला वाऱ्यात टांगायचं. पाण्याची वाफ होताना उष्णता बाटलीतून घेतली जाते. ३५ वरून २० अंशांवर यायला जेमतेम २० ग्रॅम पाण्याची वाफ झाली तरी पुरे. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात हे झकास चालतं, मात्र २०-२२ अंशांच्या खाली जात नाही. जुलैच्या दमट हवेत तर गोणपाट नुसतं ओलंच राहतं.

आता खरी अडचण. बाटली एकदा उघडली की उन्हात ती वेगाने तापते. कोमट स्ट्राँग बिअर पिणं ही शिक्षा आहे. थंडपणा चवीतला अल्कोहोलचा जळजळीतपणा झाकतो, तो गेला की घोट घशाखाली उतरत नाही. म्हणून लोक काय करतात? भराभर पितात. ६५० मिलिलिटर अर्ध्या तासात. जी गोष्ट चार तास पुरवायची म्हणून घेतली ती पहिला मासा लागायच्या आत संपते. गळ टाकणं हा जगातला सर्वात संथ छंद आणि त्याच्यासोबत आपण सर्वात घाईने प्यावी लागणारी बाटली निवडली आहे.

उन्हाचा आणखी एक उपद्रव. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधल्या घटकांवर प्रकाश पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट, जनावरासारखा वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅन पूर्ण अडवतो. त्यामुळे नुसत्या चवीचा विचार केला तरी काठावर हिरवी बाटली नेण्यात अर्थ नाही.

एका बाटलीत नेमकं किती?

इथे मी कॅल्क्युलेटर काढतो, कारण पाण्यातून बाहेर आल्यावर त्या रात्री हेच केलं होतं.

६५० मिलिलिटर गुणिले ८ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. त्याची घनता ०.७८९, म्हणजे वजन सुमारे ४१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना जे ‘एक पेय’ धरते त्यात १० ग्रॅम असतात. म्हणजे एक बाटली ही ‘एक बिअर’ नसून चार पेयं आहेत.

डॉक्टर आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ वापरतात त्या विडमार्कच्या सूत्राने ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात हे अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे साधारण ८५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार गाडी चालवताना मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. यकृत तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम कमी करतं. म्हणजे पुन्हा ३० च्या खाली यायला साडेतीन ते चार तास. आणि काठावरून परत येताना बाईक कोण चालवतं? आमच्याकडे तरी चहावाला एकच, बाईक दोन.

तोच माणूस ५ टक्क्यांचा ३३० मिलिलिटरचा पाइंट प्यायला तर १३ ग्रॅम, रक्तात सुमारे २७ मिलिग्रॅम. वजन ६० किलो असेल तर मात्र हाच आकडा ३२ होतो, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. हे अंदाज आहेत. पोट रिकामं असेल, ऊन असेल, स्त्री असेल तर आकडा वर जातो. ‘एका पाइंटने काय होतंय’ हे वाक्य सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, एवढं तरी यातून दिसतं.

८५ मिलिग्रॅमला माणूस बडबडत नाही, तोल जाऊन पडतही नाही. सपाट जमिनीवर तो ठीक दिसतो. बिघडतात त्या दोन गोष्टी: तोल सावरायची गती आणि धोक्याचा अंदाज. म्हणजे नेमक्या ज्या उतारावर लागतात त्याच.

कालव्याचा उतार

पाटबंधारे खात्याच्या अस्तरीकरण केलेल्या कालव्याची बाजू साधारण दीडास एक अशी असते, म्हणजे आडवं दीड मीटर गेलं की एक मीटर खाली. कोन सुमारे ३४ अंशांचा. अशा उतारावर न घसरता उभं राहायला पायाखालचं घर्षण किमान ०.६७ लागतं. कोरड्या काँक्रीटवर रबरी तळव्याला ते मिळतं. शेवाळलेल्या ओल्या काँक्रीटवर ते खूपच खाली घसरतं. म्हणजे पाण्याच्या रेषेपर्यंत तुम्ही आरामात चालत जाता, कारण वरचा भाग कोरडा असतो. एक पाऊल पुढे टाकलं की भौतिकशास्त्राचा निकाल लागलेला असतो. तुम्ही प्यायलेले असा वा नसा.

वर चढताना तर आणखी वाईट. हाताला धरायला काही नसतं आणि वाहतं पाणी पाय सरळ होऊ देत नाही. पोहता येणारी माणसंही कालव्यात बुडतात ती यामुळे. मला पोहता येतं, त्याचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही.

नदी आणि धरणाचं गणित वेगळं. परभणी जिल्ह्यातले गळवाले दुधना, पूर्णा, गोदावरीवरचे बंधारे आणि जिंतूरजवळचं येलदरी धरण अशा सगळ्या ठिकाणी जातात. येलदरी १९६८ पासून भरतंय, तिथे २२.५ मेगावॉटचं वीज केंद्रही आहे. अशा केंद्राखालच्या पात्रात पाणी कधीही वाढू शकतं. धरणाच्या काठावर गाळ, बंधाऱ्याच्या दारांजवळ ओढ. पण कालवा फसवा असतो तो त्याच्या नीटनेटक्या दिसण्यामुळे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून जास्त लोक बुडून मेले. जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा आकडा २०२१ साठी ३ लाख दिला आहे.

कुणी पडलंच तर हात देऊ नका, देणाराही आत जातो. दोरी, बांबूची काठी, ओढणी, रिकामा बंद कॅन, काहीही फेका. पाण्याच्या प्रवाहासोबत पुढे पळा आणि पायऱ्या किंवा पूल जिथे असेल तिथे त्याला गाठा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८.

परमिट, वय आणि काच

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, हे ऐकून शहरातली मुलं अजूनही हसतात. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपयांचा, आजीवन १,००० रुपयांचा. बिअरसाठी किमान वय २१, कडक मद्यासाठी २५. परवाना खिशात असला तरी घाट, बंधारा, कालव्याची वाट अशा सार्वजनिक ठिकाणी बसून पिणं चालत नाही. म्हणजे आम्ही दर रविवारी जे करत होतो ते मुळात बेकायदा होतं. गळ घेऊन विदर्भात जायचा बेत असेल तर वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, पेटीत फक्त बर्फ न्यावा.

मासे धरण्याचंही तसंच. धरणं आणि मोठे तलाव मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. हौशी माणसाने आधी त्यांना विचारावं, हा शिष्टाचार नाही, त्यांचा हक्क आहे.

आणि काच. भोई समाजातली माणसं पहाटे अनवाणी पाण्यात उतरतात. आदल्या संध्याकाळी आपण फोडलेली बाटली त्यांच्या पायात जाते. स्ट्राँग की माइल्ड या वादात एक वेळ दोन मतं असतील, पण काचेऐवजी कॅन न्यावा यात असू नयेत. रिकामा कॅन चेपून खिशात मावतो आणि भंगारवाला त्याचे पैसेही देतो.

मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे. लोणावळ्याला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास चालवली आहे. त्या जगातला हौशी माणूस मासा पकडतो, फोटो काढतो आणि परत सोडतो. पेडगावात मासा परत सोडला तर लोक डॉक्टरकडे नेतील. इथे मरळ किंवा वाम लागली की संध्याकाळचा रस्सा ठरलेला.

पाणी तेच

कालव्याकाठी बसून बिअर पिताना एक गोष्ट लक्षात येत नाही. पैठणच्या नाथसागरातून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर धावून परभणी जिल्ह्यात येतो. त्याच नाथसागरातून छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींना पाणी जातं, आणि तिथेच देशातल्या मोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने आहेत. तुमच्या हातातली बाटली तिथून आली असेल तर आतलं पाणी आणि समोरून वाहणारं पाणी एकाच धरणातलं. फक्त एकाला बुडबुडे आहेत.

कारखान्यात एक लिटर बिअर बनवायला साधारण ३ ते ५ लिटर पाणी लागतं. बार्ली पिकवण्यापासूनचं सगळं धरलं तर हा आकडा ३०० लिटरच्या आसपास जातो. २०१६ च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं तेव्हा, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. न्यायालयाने बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के कपात करायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात परभणीत गळ टाकायला पाणी कुठे होतं, हा वेगळा प्रश्न.

माशाचंही बिअरमध्ये एक जुनं काम आहे. बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ इंग्लंड-आयर्लंडमध्ये वापरायचे. गिनेस कंपनीने तो काही वर्षांपूर्वी बंद केला. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या या पिशवीला बोत म्हणतात आणि तिच्यामुळेच ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीचे दीडशेहून जास्त घोळ मासे १ कोटी ३३ लाखांना गेले. आपल्याकडच्या कारखान्यांत सहसा गाळण यंत्रं वापरली जातात, त्यामुळे शाकाहारी मित्रांनी लगेच घाबरू नये.

मग पेटीत काय न्यायचं?

मी आता काय करतो ते सांगतो. सल्ला देण्याचा माझा अधिकार त्या दिवशी चपलेबरोबर वाहून गेला.

गळ पाण्यात आहे तोपर्यंत पेटी उघडत नाही. उन्हात अल्कोहोलने लघवीला जास्त होते आणि आधीच घामाने कमी झालेलं पाणी आणखी कमी होतं, त्यामुळे काठावर ताक किंवा साधं पाणी. बिअरची चवच हवी असेल तर बडवायझर ०.० सारखी बिनअल्कोहोलची बिअर मिळते. बाकीची बिअर घरी, गच्चीवर, मासे साफ करून झाल्यावर. तीही पाइंट. पाइंट थंड असतानाच संपतो आणि घाई करावी लागत नाही.

संध्याकाळी काठावर बसणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. बुर्किना फासोमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिअर प्यायलेल्या माणसांकडे मलेरियाचे डास जास्त ओढले जातात असं आढळलं होतं. पाणी प्यायलेल्यांकडे तशी ओढ वाढली नव्हती. आमच्या चहावाल्याला डास कमी का चावतात याचं उत्तर कदाचित यात असेल.

मासे जास्त त्यालाच का लागतात, याचं उत्तर त्याच्याकडे आहे आणि तो ते देत नाही. गेल्या रविवारी पुन्हा गेलो होतो. दोन चिलापी मला, एक मरळ त्याला, सव्वा किलोची. पलीकडच्या काठावर कवड्या खंड्या आमच्यापेक्षा बराच पुढे होता. निघताना रूममेटने पेटी रिकामी केली, वितळलेलं पाणी कालव्यात ओतलं आणि दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली. ती आता मीच सांभाळतो.